नाकाला निर्गुडी, डोळ्याला दवाखाना

(अजिंठा येथील शेतकरी बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावावर बोलून झाले, पीक विम्यावर बोलून झाले. आता तुमची थोडी वेगळी वेळ घेणार आहोत. विषय आहे बांधावरची निर्गुडी. कोणी म्हणेल, संघटनेच्या बैठकीत हे काय काढले? झाडपाल्याचे औषध सांगायला गावात म्हातारी माणसे आहेत, वैद्य आहेत. पण हा विषय आमच्या हिशेबाचाच आहे. कृषी खर्च व मूल्य आयोग क्विंटलमागे उत्पादन खर्च काढतो. त्यात बियाणे धरतात, खत धरतात, औषध धरतात, बैलाची आणि माणसाची मजुरी धरतात. फवारणी करून डोळे जळाले, ज्वारी काढताना पाते डोळ्यात गेले, कडब्याच्या धुरळ्याने महिनाभर नाक चोंदले, त्याचा दवाखाना मात्र कोणत्याच रकान्यात येत नाही. तो खर्च आम्ही गुपचूप सोसतो. म्हणून पहिल्यांदा घरचा इलाज करून पाहतो. तो इलाज कुठे चालतो आणि कुठे डोळा घालवतो, एवढेच आज सांगायचे आहे.

झाड ओळखीचे आहे, तरी नीट ओळखू या

निर्गुडी, कुठे निगड म्हणतात, संस्कृतात निर्गुंडी किंवा सिंदुवार. पुरुष-दीड पुरुष उंचीचे झुडूप. नाल्याच्या काठाने, ओढ्याच्या कडेने, जुन्या बांधावर आपोआप वाढते. एका देठाला बोटांसारखी पाच पाने, कधी तीन. पान वरून हिरवे, खालून राख फासल्यासारखे पांढुरके. चुरगाळले की उग्र वास येतो, तो हाताला बराच वेळ राहतो. निळसर जांभळ्या बारीक फुलांचे तुरे येतात. जनावर आणि शेळी सहसा तोंड लावत नाही, म्हणून आपल्या वाडवडिलांनी ती कुंपणाला लावली. पावसाळ्यात फांदी खोचली तरी जगते. तिच्या फोकांच्या कणग्या आणि टोपल्या विणल्या जायच्या. कणगीत ज्वारी भरताना सावलीत वाळवलेला निंबाचा आणि निर्गुडीचा पाला थराथराने घालायचे. या पाल्याच्या तेलाने साठवणीतले किडे दूर पळतात हे पुढे प्रयोगशाळेतही दिसून आले. आता आपण दशपर्णी अर्क करतो, त्यातही कडुनिंबाबरोबर निर्गुडी असतेच.

म्हणजे धान्याला, कुंपणाला, पिकाला आणि माणसाला, चारी ठिकाणी लागणारे हे झाड. कोणी पेरले नाही, कोणी पाणी दिले नाही, कोणा दुकानदाराची उधारी केली नाही. आम्ही शेतकी शिकलेली माणसे. शेतकीच्या पुस्तकात बांधावरच्या झाडोऱ्याचे एकच नाव असते, तण. त्या एका नावाखाली औषधही जाते आणि काँग्रेस गवतही जाते.

अजिंठ्याच्या लेण्यांत राहणाऱ्यांचे औषध

आपण जिथे बसलो आहोत तिथून जवळच वाघूर नदीच्या नालाकृती कड्यात लेणी आहेत. पहिली लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातली, सातवाहनांच्या काळातली. पुढची बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. परदेशी पाहुणे चित्रे पाहायला येतात. पण त्यातली बरीचशी लेणी विहार आहेत, म्हणजे माणसांची राहायची घरे. पावसाळ्याचे चार महिने दगडाच्या ओल्या खोलीत राहणाऱ्या भिक्षूंना सर्दी, डोकेदुखी आणि डोळ्यांचे दुखणे होतच असणार.

बौद्ध भिक्षूंच्या आचाराचे नियम विनयपिटकात आहेत. त्यातल्या महावग्ग नावाच्या भागाचा एक खंड सगळा औषधांवर आहे. त्यात पिलिंदवच्छ नावाच्या एका भिक्षूचे डोके दुखते. आधी डोक्याला तेल लावायची परवानगी मिळते. त्याने भागत नाही तेव्हा नाकात औषध सोडायची, आणि त्यानेही भागत नाही तेव्हा औषधी धूर ओढायची. डोळ्याच्या दुखण्यासाठी अंजनाची परवानगी आहे. औषधी पाल्यांची यादी आहे, तीत निंब आहे, कुडा आहे, पडवळ आहे, तुळस आहे आणि आपल्या कापसाचे पानही आहे. निर्गुडीचे नाव तिथे नाही. पण ज्या पद्धतीने आपण निर्गुडी वापरतो, नाकातून वाफ घ्यायची, धूर घ्यायचा, ती पद्धत तेवढी जुनी आहे.

त्याच खंडात एक बारीक गोष्ट आहे, ती लक्षात ठेवा, पुढे लागेल. अंजनाच्या डब्या उघड्या होत्या, त्यांत गवताचा भुगा आणि धूळ पडायची. तेव्हा डबीला झाकण असावे असा नियम झाला. भिक्षू बोटाने अंजन घालायचे, डोळे दुखायचे. तेव्हा सळई वापरावी असा नियम झाला. दोन हजार वर्षांपूर्वी त्या लोकांना कळले होते की डोळ्यात औषधाबरोबर कचरा गेला तर औषधच दुखणे होते.

आयुर्वेदात निर्गुडीला मोठा मान आहे. सोळाव्या शतकात भावमिश्राने भावप्रकाश लिहिला. त्यात निर्गुडी केसांना आणि डोळ्यांना हितकर म्हणून सांगितली आहे. सूज, वात आणि कफ यांवर तर ती सर्वत्र सांगितलेली आहे. गावोगाव जे चालते ते याच ज्ञानाचे घरगुती रूप आहे. सर्दी-पडशाला पाल्याची वाफ, डोके जड झाले की वाळलेल्या पाल्याची उशी, गुडघा सुजला की गरम पाल्याचा शेक, आणि काही घरांत डोळे आले की पाल्याचा रस. यातले शेवटचे सोडून बाकी सगळे ठेवण्यासारखे आहे. का ते आता सांगतो.

नाकाचे काम

आपल्या कपाळाच्या, गालाच्या आणि नाकाच्या हाडांत पोकळ्या आहेत. त्यांना सायनस म्हणतात. प्रत्येक पोकळीचे तोंड बारीक भोकाने नाकात उघडते. सर्दी झाली, किंवा मळणीचा भुसा, कापसाची धूळ, चुलीचा धूर नाकात गेला की आतले अस्तर सुजते आणि भोक बंद होते. आतला शेंबूड आतच राहतो, मग कपाळ आणि गाल ठणकतात, खाली वाकले की डोके जड होते, वास येत नाही. बहुतेक वेळा हे दुखणे आठ-दहा दिवसांत शरीर आपोआप निस्तरते. वाफेने शेंबूड सैल होतो, नाक मोकळे होते, त्रास कमी होतो. निर्गुडीच्या पाल्यात उडून जाणारे सुगंधी तेल आहे, ते वाफेबरोबर नाकात जाते आणि मोकळे वाटते. पाल्यातले घटक सूज उतरवतात असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. वाफेने मुळातला जंतू मरतो असा दावा मात्र आम्ही करणार नाही. आराम पडतो, आणि आराम पडला की काही माणसांची गोळ्यांची गरज संपते. गरिबाला तेवढेही थोडे नाही.

वाफ घ्यायची रीत सांगतो, कारण रीत चुकली की भाजते. दोन मुठी ताजा पाला धुऊन लिटर-दीड लिटर पाण्यात उकळावा. पातेले चुलीवरून उतरवून जमिनीवर, न हलणाऱ्या जागी ठेवावे, मांडीवर किंवा खाटेवर ठेवू नये. मिनिटभर थांबून, डोक्यावरून पंचा घेऊन, डोळे मिटून पाच ते दहा मिनिटे वाफ घ्यावी. दिवसातून दोनदा पुरे. लहान मुलांना पातेल्यावर वाकवू नका. उकळत्या पाण्याने पोरे भाजतात आणि सर्दीपेक्षा मोठे दुखणे घरात येते. मुलांसाठी पाल्याची भरलेली उशी उशाशी ठेवली तरी चालते.

याच्या जोडीला मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा फार चांगला उपाय आहे. अर्धा लिटर पाणी चांगले उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ. ते एका नाकपुडीतून सोडून दुसरीतून बाहेर काढावे. पाणी उकळलेलेच हवे, विहिरीचे कच्चे पाणी नाकात सोडायचे नाही. मळणी यंत्रावर दिवसभर उभे राहिलेल्या माणसाने संध्याकाळी एवढे केले तरी बराच फरक पडतो. तोंडा-नाकाला पंचा बांधून काम केले तर त्याहून जास्त.

निर्गुडीचा काढा पोटात घेण्याबद्दल आम्ही काही सांगत नाही. तो जाणत्या वैद्याला विचारूनच घ्यावा, आणि गरोदर बाईने आणि लहान मुलाने तर घेऊच नये.

आता निर्गुडी कुठे थांबते तेही पाहा. दहा दिवसांत दुखणे हटले नाही, किंवा बरे वाटून पुन्हा उलटले, ताप चढला, एकाच बाजूने रक्त किंवा घाण वास येऊ लागला, डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले, तर वाफ घेत घरी बसायचे नाही. सायनस आणि डोळा यांच्यामध्ये हाडाचा फार पातळ पडदा आहे. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस नावाचा बुरशीचा रोग आला तो तुम्ही पाहिला आहे. नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्यात आणि मेंदूकडे तो चढला. मधुमेहाची माणसे त्यात जास्त सापडली. कित्येकांचे डोळे काढावे लागले. ज्याला साखर आहे त्याने गाल-कपाळाचे दुखणे अंगावर काढूच नये.

डोळ्याचे काम वेगळे आहे

मायबहिणींनो, हे तुम्ही विशेष ऐका, कारण ज्वारीच्या काढणीला आणि कापसाच्या वेचणीला तुम्हीच जास्त असता.

बुबुळावर काचेसारखे स्वच्छ पटल असते, डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. ज्वारीच्या पात्याची धार, कणसाचे कूस, पऱ्हाटीचे बोंड, बाभळीचा काटा त्याला लागला की ओरखडा पडतो. ओरखडा बारीक असतो, दिसत नाही, डोळ्यात माती गेल्यासारखे टोचते. पण झाडाच्या पानावर बुरशीचे कण असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते त्या ओरखड्यात शिरतात आणि दोन-चार दिवसांनी, कधी आठवड्याने, बुबुळावर पांढरा डाग येतो. त्याची जखम खोल जाते. वेळेवर औषध झाले नाही तर डोळ्यात फूल पडते आणि त्या डोळ्याची नजर जाते. आपल्या देशात शेतीत काम करणाऱ्यांच्या डोळ्यांच्या या जखमांत बुरशीचा वाटा फार मोठा आहे.

आता या जखमेत आपण काय घालतो? कोणी निर्गुडीचा रस पिळतो, कोणी मध, कोणी अंगावरचे दूध, कोणी एरंडाचे तेल. पाला बांधावरचा, त्यावर धूळ, बुरशी आणि शेजारच्या शेतातल्या फवारणीचा अंश. ज्या बुरशीने जखम बिघडते तीच आपण हाताने आत घालतो. भावप्रकाशात डोळ्यांना हितकर लिहिले आहे ना, असे कोणी विचारेल. लिहिले आहे. पण शेतातून तोडून डोळ्यात पिळा असा त्याचा अर्थ नाही. सुश्रुताने उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग मोजले आहेत. प्रत्येकाची लक्षणे वेगळी, उपचार वेगळा, काही औषधाने बरे होणारे, काही शस्त्राने, काही न बरे होणारे. ज्याने ७६ रोग वेगळे काढले तो एकच पाला सगळ्यांना सांगेल का? आणि त्या अंजनाच्या डबीचे झाकण आठवा. जुन्या ज्ञानाचा मान ठेवायचा तर त्यातली स्वच्छता आणि पारखही घ्यावी लागते.

दुसरे कोणी म्हणेल, आमच्या घरात डोळे आले की रस घालतात आणि बरे होतात. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती. विषाणूने आलेले डोळे आठ-पंधरा दिवसांत बहुधा आपोआप बरे होतात. त्या दिवसांत जे काही घातले त्याला यश मिळते. ओरखड्याच्या जखमेला मात्र हा न्याय लागू नाही, ती आपोआप बरी होईल म्हणून वाट पाहायची नसते.

आणि फक्त झाडपाल्यालाच दोष देत नाही. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय लाल डोळ्याचे थेंब आणतात, त्यांतल्या काहींत स्टिरॉईड असते. त्याने लाली लगेच उतरते, माणूस खूश होतो, आणि आत बुरशीला रान मोकळे मिळते. पाल्याने होते तेवढेच नुकसान या थेंबांनी होते, पैसे वर जातात.

वेळ किती महत्त्वाची आहे याचा एक दाखला सांगतो. नेपाळात भक्तपूर भागात गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून दोन वर्षे काम केले, त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. डोळ्यात ओरखडा पडलेल्या माणसांना क्लोरँफेनिकॉलचे साधे मलम दिले. ४४२ माणसे होती. ओरखडा पडल्यापासून १८ तासांच्या आत जी २८४ माणसे आली त्यांतल्या एकाच्याही डोळ्यात जखम चिघळली नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ पैकी ४ जणांच्या डोळ्यांत चिघळली. २४ ते ४८ तासांत आलेल्या ४९ पैकी १४ जणांच्या. मलम तेच, स्वस्तातले. फरक पडला तो वेळेने. डोंगरातल्या नेपाळी शेतकऱ्याला जे जमले ते सिल्लोड आणि सोयगाव तालुक्याला का जमू नये? प्राथमिक आरोग्य केंद्रात हे मलम असले पाहिजे आणि डोळा तपासून ते देणारे माणूस हजर असले पाहिजे. ही मागणी आपण भावाच्या मागणीइतक्याच जोराने करायची आहे.

तोवर आपल्या हातात एवढे आहे. डोळ्यात पाते किंवा कूस गेले तर चोळायचे नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचे, दुसरे काहीही घालायचे नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे. रोजंदारी बुडेल म्हणून उद्यावर टाकायचे नाही. रोज परत मिळतो.

फवारणीनंतरचे नाक-डोळे

आता सगळ्यांत धोक्याची गोष्ट. फवारणी करून आल्यावर नाक वाहते, डोळ्यांतून पाणी येते, अंधुक दिसते, डोके दुखते. बाई म्हणते, सर्दी झाली, निर्गुडीची वाफ घ्या. ही सर्दी नाही. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके अंगात गेली की शरीराचे सगळे स्राव सुटतात. नाक, डोळे, लाळ, घाम. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. मग उलटी, पोटात कळ, छातीत घरघर, अंगाची थरथर. यात वाफ घेत घालवलेला एक तास जीव घेऊ शकतो.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते आपण विसरलेलो नाही. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो जण दवाखान्यात पडले. डोक्याच्या वर वाढलेली पऱ्हाटी, दोन-तीन औषधे एकत्र मिसळलेली, अंगात साधा सदरा, आणि पहिल्या लक्षणांकडे सर्दी-चक्कर म्हणून केलेले दुर्लक्ष. अशा माणसाचे कपडे ताबडतोब काढा, अंग साबणाने धुवा, डोळ्यात उडाले असेल तर पापण्या उघड्या धरून १५-२० मिनिटे वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, आणि औषधाची बाटली किंवा पुडा बरोबर घेऊन दवाखाना गाठा. बाटली पाहिली की डॉक्टरला उतारा ठरवता येतो. बाटली न्यायला लाजू नका, ती तुमची साक्ष आहे. नुकसान भरपाई मागायच्या वेळीही तीच कामी येते.

याच कारणाने वाफेचा पाला कुठला घ्यायचा हेही पाहावे लागते. कापसाच्या बांधावर, फवाऱ्याच्या वाऱ्याखाली उभ्या असलेल्या निर्गुडीचा पाला हंगामात औषध राहत नाही. तो उकळला तर औषध आणि विष एकाच वाफेत येतात. पाला नाल्याकाठचा, डोंगराच्या पायथ्याचा, फवारणीपासून लांबचा घ्या. आणि दशपर्णीच्या ड्रममधले भांडे स्वयंपाकघरात आणू नका. दशपर्णीत कण्हेर आणि रुईही असते.

बांध साफ करताना

गेल्या काही वर्षांत दोन गोष्टींनी निर्गुडी घटली. एक, जेसीबीने बांध कोरून वावर वाढवायचे. दुसरी, तणनाशक. मजुरी परवडत नाही म्हणून तणनाशक मारतो, हे आम्हाला कळते. खुरपणीचा दर आणि कापसाचा भाव यांचा मेळ बसत नाही, त्याला जबाबदार शेतकरी नाही. पण ज्या बांधावर पीकच नाही तिथे ग्लायफोसेट मारून काय मिळवतो? ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित करण्याचा आदेश काढला. आदेश काढला तरी गावागावात बाटली मिळत राहिली, म्हणून सरकारवर विसंबून बांध वाचणार नाही. बांध आपला आहे.

ही अजिंठ्याची रांग दोन खोऱ्यांची विभागणी करते. इकडचे वाघूरचे पाणी तापीला जाते, तिकडचे पूर्णेचे पाणी गोदावरीला. उतारावर मुरमाड, पातळ जमीन. एका जोराच्या पावसात माती खाली जाते. निर्गुडीची मुळे बांध धरून ठेवतात, पाणी कमी असले तरी ती टिकते, जनावर खात नाही म्हणून राखण लागत नाही. मृगाच्या पावसानंतर वीतभर लांबीच्या फांद्या हात-दीड हातावर खोचत गेलात तर दोन-तीन वर्षांत कुंपण होते. कोरडवाहू शेतकऱ्याला फुकटात एवढे देणारे दुसरे झाड आम्हाला तरी माहीत नाही.

पाल्याचा भाव

शेवटी आपला नेहमीचा मुद्दा. निर्गुडीचे तेल, मलम, चूर्ण शहरात विकले जाते. पाला गोळा करणाऱ्याच्या हातात काय पडते ते तुम्ही जाणता. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली. व्यापारासाठी गावच्या हद्दीतली वनस्पती नेणाऱ्याकडून शुल्क घ्यायचा अधिकार त्या समितीला दिला. पण २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथांत नोंदलेल्या ज्ञानाला आणि लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना बऱ्याच अंशी सूट मिळाली. निर्गुडी ग्रंथांत आहे, तेव्हा तिच्या ज्ञानाचा मोबदला कोणी आपल्याला आणून देईल ही आशा धरू नका. कापसासारखेच इथेही आहे. माल एकट्याने विकला की व्यापारी भाव ठरवतो, दहा गावांनी मिळून सावलीत वाळवून, निवडून, एकत्र विकला तर बोलायला जागा राहते. आधी आपल्याकडे किती आहे ते तरी नोंदवहीत लिहू या.

म्हणून गावी गेल्यावर तीन कामे करा. पहिले, येत्या ग्रामसभेत जैवविविधता नोंदवही मागा, ती कपाटात असेल तर बाहेर काढा, त्यात निर्गुडी कुठल्या नाल्याला, कुठल्या बांधाला आहे ते गावच्या जाणत्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. दुसरे, आरोग्य केंद्रात डोळ्याच्या ओरखड्याचे मलम आणि फवारणीच्या विषबाधेवरचा उतारा आहे की नाही हे हंगामाआधी, ज्येष्ठातच, पाच जणांनी जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तिसरे, ज्वारीच्या काढणीला आणि फवारणीला जाताना डोळ्याला साधा चष्मा आणि नाकाला पंचा, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा, मजुरालाही द्या.

आमच्या आज्यांनी निर्गुडी राखली ती डोळे मिटून नाही, कुठे चालते ते पारखून. त्यांना डोळ्याचा दवाखाना मिळाला नाही, आपल्याला मागून घेता येतो. तेव्हा घरोघर एवढेच सांगा: नाकाला निर्गुडी, डोळ्याला दवाखाना.